बारा दासींची बाजू : 'द पेनेलोपियाड'

होमरच्या 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्याच्या बाविसाव्या सर्गात राजा ओडिसियस वीस वर्षांनी घरी परततो आणि त्याची राणी पेनेलोपी हिच्या मागे लग्नासाठी लागलेल्या मागणीदारांची कत्तल होते. मग बारा दासींना प्रेतं बाहेर न्यायला, रक्ताळलेली टेबलं-खुर्च्या स्पंजानं पुसायला लावतात. सगळं आवरून झालं की राणीचा मुलगा टेलेमाकस, मागणीदारांशी संगत केली म्हणून, जहाजाच्या दोरानं त्यांनाच फास देतो. मार्गारेट अ‍ॅटवूड यांची 2005 सालची ही कादंबरी त्या फासाचा जाब विचारते.

निवेदन पेनेलोपीचं, तेही मेल्यानंतर, पाताळातून. पण पुस्तकाचा जीव दासींमध्ये आहे. सासऱ्याचं कफन विणून झाल्यावरच लग्न करीन असं सांगून ते दिवसा विणायचं आणि रात्री उसवायचं, ही पेनेलोपीची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. इथे उसवायला त्या बारा जणीही बसतात. मागणीदारांत मिसळा, मालकांची निंदा करा, बातम्या काढा, हेही पेनेलोपीच सांगते. मात्र युरिक्लिया या म्हाताऱ्या दाईला ती हे कळू देत नाही, आणि शिक्षेसाठी दासी निवडून देते ती युरिक्लियाच. पेनेलोपी ढसाढसा रडते, पण दासी तिला सोडत नाहीत: तिनं आमची तोंडं मुद्दाम बंद केली, असंही एका प्रवेशात सुचवतात. नायिकेला सती-सावित्री करून मोकळं न होण्याची ही हिंमत फार मोलाची आहे. राणीला आवाज देऊन दासींना मुकं ठेवणारं पुनर्कथन अर्धवटच म्हणायला हवं.

दासींची गाणी मध्येमध्ये येतात: दोरीवरच्या उड्यांचं गाणं, खलाशांचं गाणं, शोकगीत. भोंडल्याच्या गाण्यांसारखी ती वरून खेळकर, आतून जळजळीत. मानववंशशास्त्राचं व्याख्यान मात्र लांबतं, आणि जिच्यापायी ट्रॉयचं युद्ध झालं त्या हेलेनला निव्वळ नटवी करून टाकलंय, ते खटकतं.

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा भागात वाचनाच्या बैठका घेणाऱ्यांनी हे जरूर घ्यावं. छोटी 29 प्रकरणं दोन बैठकांत सहज होतात. पेनेलोपी एकीनं वाचावी, दासींची गाणी सगळ्यांनी मिळून. एकटीच्या आवाजात ती पडतात. आधी निदान 'ओडिसी'चे 19 ते 23 हे सर्ग वाचून या, नाहीतर युरिक्लिया कोण इथेच गाडी अडते. ओडिसियसवरच्या खटल्याच्या प्रकरणाला तर 'ओडिसी' हाताशीच ठेवा: तिथले न्यायाधीशही बाविसावा सर्ग उघडून बघतात, आणि तरीही खटला काढून टाकतात.