तीन दिवस, दोन रात्री, गडचिरोली : अभ्यास सहलीच्या पॅकेजबद्दल

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) पहिल्या वर्षाला सामाजिक संस्था बघायची सहल असते. आम्ही बेचाळीस जण, सर आणि मॅडम. पैसे गोळा करायचं काम माझ्याकडे, त्यामुळे शिव्याही मीच खाल्ल्या. नागपूरच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडून माणशी ३,२०० रुपयांचं पॅकेज घेतलं. नाव लिहीत नाही, ड्रायव्हर भला माणूस होता.

पत्रकावर ‘एसी बस’ होतं. एसी होता, पण तो फक्त सतरा नंबरच्या सीटवर टपटप गळायचा. थंडीचे दिवस, म्हणून निभावलं.

खरी चूक बसची नाही, आखणीची. पहिल्या दिवशी वरोऱ्याचं बाबा आमटेंचं आनंदवन, दुसऱ्या दिवशी डॉ. अभय आणि राणी बंग यांचं आरोग्यकेंद्र शोधग्राम आणि मेंढा हे गाव, तिसऱ्या दिवशी हेमलकशाचा, आमटेंचाच आदिवासींसाठीचा लोकबिरादरी प्रकल्प करून रात्री नागपूर. नकाशा न बघताच कोणीतरी लिहिलेलं हे! हेमलकशाहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. तिथे आम्हाला पन्नास मिनिटं मिळाली. १९७३ पासून उभं राहिलेलं काम, आणि आम्ही दवाखाना बाहेरून बघितला, शाळाही बाहेरूनच. तिथल्या प्राण्यांच्या अनाथालयातल्या बिबट्याचा फोटो मात्र सगळ्यांकडे आहे.

शोधग्राममध्ये आरोग्यदूताची पिशवी उघडून दाखवली. कापडी झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर. गावातल्याच बाईला शिकवून घरच्या घरी नवजात बाळं वाचवता येतात, हा १९९९ चा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. झोळी हातात घेतल्यावर तो पहिल्यांदा कळला.

पण पैसे वसूल झाले ते मेंढा (लेखा) गावात. धानोरा तालुक्यातलं गोंड वस्तीचं छोटं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच. आम्ही जमिनीवर बसलो, गावातले एक दादा बोलत होते. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वनखातं वाहतूक परवाना देईना. १९२७ च्या वन कायद्यात २०१७ पर्यंत बांबू म्हणजे झाड होतं, त्यामुळे लाकूड. २००६ च्या वनहक्क कायद्यात तेच गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणारं, गावाला विकता येणारं उत्पन्न! शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. मग दादांनी आम्हाला बांबूच्या बेटाशी नेलं. कोवळा सोडायचा, जून तेवढाच तोडायचा, हे त्यांनी नखाने टिचकी मारून, आवाजावरून दाखवलं. आम्हीही टिचक्या मारल्या. आम्हाला सगळे सारखेच वाजले.

इथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. गावकऱ्यांच्या अभ्यास गटात हवी तेवढी चर्चा, निर्णय ग्रामसभेचा. आमच्यातल्या एकाने विचारलं, “एकच माणूस अडून बसला तर?” दादा म्हणाले, “मग थांबतो. पुन्हा बसतो.” बस्स, एवढंच. मॅडमनी वहीत काहीच लिहिलं नाही, मी बघत होतो.

परतीच्या वाटेवर आरमोरीच्या अलीकडे ड्रायव्हरकाकांनी विचारलं, जेवायला कुठे थांबू? कोणीतरी ‘हात वर करा’ म्हणालं, तर मागून ओरड झाली, “बाप्पा, मतदान नाही, सर्वसहमती!” चर्चा एवढी रंगली की ढाबे मागे पडले. ब्रह्मपुरीला चिवडा आणि चहा, तोही पॅकेजबाहेरचा. नागपुरात रात्री दोनला पोचलो.

पुढच्या बॅचने जायचं तर पॅकेजमधून हेमलकसा काढायला लावा, नाहीतर पाच दिवस घ्या. मेंढ्याला किमान पूर्ण दिवस द्या आणि आधी फोन करून वेळ ठरवा. आमच्यासाठी ते सरांनी केलं, ट्रॅव्हल्सवाल्याने नाही. मुक्काम गडचिरोलीत ठीक, गरम पाणी सहाच्या आत संपतं.

हिशेब लावला, ८४० रुपये उरलेत. वर्गाला चहा पाजावा असं एक्केचाळीस जणांचं म्हणणं. एक जण अडून बसलाय, म्हणून अजून माझ्याकडेच आहेत.