चष्म्याच्या दुकानातली मोफत डोळेतपासणी: भरवसा कुठवर ठेवायचा?

पुण्यात लक्ष्मी रोड असो की कोथरूड, चष्म्याच्या बहुतेक दुकानांत ‘कॉम्प्युटरवर मोफत डोळेतपासणी’ची पाटी दिसते. नंबर काढायला ही सोय खरंच चांगली आहे. डोळे निरोगी आहेत की नाही, हे मात्र तिथे कळत नाही.

हनुवटी टेकवून यंत्रातलं चित्र पाहिलं की काही सेकंदांत आकड्यांची चिठ्ठी येते. हा नुसता अंदाज असतो. चांगल्या दुकानात त्यानंतर ट्रायल फ्रेममध्ये काचा बदलत एकेका डोळ्याने तक्ता वाचून घेतात. चिठ्ठीवरूनच चष्मा बनवायला घेतला, तर तिथून उठा. लहान मुलांत यंत्र बऱ्याचदा मायनस जास्त दाखवतं, कारण यंत्रात बघताना मूल डोळ्यावर जोर देतं. मुलांचा नंबर हा जोर सैल करणारे थेंब घालूनच काढून घ्यावा. शुगर वरखाली होत असेल तर नंबरही हलतो, म्हणून ती काही आठवडे स्थिर राहू द्या.

पिनहोल लावून बघायला आवर्जून सांगा. बारीक छिद्राच्या काळ्या चकतीतून खालच्या ओळी वाचता आल्या, तर दोष बहुधा नंबराचाच. काचा बदलून आणि चकतीतूनही अक्षर धूसरच राहिलं, तर मोतीबिंदू, डोळ्याचा पडदा (रेटिना) किंवा डोळ्याची नस तपासायला हवी. तोवर नवा चष्मा घेऊ नका. साठीनंतर मायनस भराभर वाढतोय आणि जवळचं विनाचष्मा वाचता येऊ लागलंय, म्हणून लोक खूश होतात. तो बहुतेकदा पिकत चाललेला मोतीबिंदू असतो.

काचबिंदू मात्र इथे हमखास निसटतो. आधी कडेची नजर जाते, दुखत काहीच नाही, आणि तक्त्यावर ६/६, म्हणजे नॉर्मल नजर, बराच काळ टिकू शकते. काही ठिकाणी हवेच्या झोताने डोळ्यातलं प्रेशर मोजतात, पण तेवढं पुरत नाही. ते २१ च्या आत, म्हणजे नॉर्मल, असूनही नस सुकत गेलेली असू शकते. घरात कुणाला काचबिंदू असेल, किंवा मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब बरेच दिवस घातले असतील, तर नेत्रतज्ज्ञांकडून नस तपासून घ्या. टाइप २ मधुमेह असेल तर निदान झाल्यापासून दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा पाहायला हवा, नजर उत्तम असली तरी. ससून हॉस्पिटलला किंवा महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ही तपासणी होते. थेंबांनंतर बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो आणि पुढचे चार-सहा तास धूसर दिसतं. गॉगल न्या, दुचाकी घरी ठेवा, रिक्षाने जा.

डोळ्यासमोर अचानक ठिणग्या किंवा काळे ठिपके, कडेने सरकणारी सावली, दिव्यांभोवती वलयं आणि उलट्यांसह लाल, दुखरा डोळा: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी थेट हॉस्पिटल गाठा. एका डोळ्याची नजर एकदम गेली, तर तासभरही थांबू नका.