भीमसेन, मन्सूर, रफी, किशोर, नुसरत की पावरोत्ती? आधी कुणाला ऐकायचं

जगात सगळ्यात भारी पुरुषी आवाज कुणाचा हा वाद आपल्या कोल्हापुरात चार माणसं रंकाळ्यावर बसली की चालू होतोच, आणि मिटत कधीच नाही, कारण एकजण भीमसेनअण्णांचं बोलत असतो, दुसरा किशोरचं, तिसरा फ्रेडी मर्क्युरीचं, आणि प्रत्येकाची आवाज मोजायची पट्टी वेगळी. मला विचाराल तर आधी एवढंच बघा, हा गळा माईकशिवाय घडलाय का माईकवर घडलाय. तेवढं कळलं की आपण कुणाला ऐकावं हे ठरवणं बरंच सोपं जातं.

माईकशिवायचा आवाज म्हणजे काय हे खरंतर इथल्या माणसाला सांगायला नको. संगीतसूर्य केशवराव भोसले आपल्याच गावचे, 1890 चा जन्म, 1921 मध्ये बालगंधर्वांबरोबर संयुक्त मानापमान केलं आणि त्याच वर्षी ऐन उमेदीत गेले. तेव्हा नाटकात माईक नव्हता, शेवटच्या रांगेतल्या माणसानंही पैसे मोजलेले असायचे आणि पद त्याच्यापर्यंत पोचलंच पाहिजे. मैदानात उभं राहून पोवाडा म्हणणाऱ्या शाहिराचंही तेच. आणि इटलीच्या ऑपेरा गायक पावरोत्तीचंही तेच! ऑपेरात, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकात, आजही गायक साधारण माईकशिवायच गातो, समोर अख्खा ऑर्केस्ट्रा वाजत असतो आणि त्यातूनही एकट्याचा गळा ऐकू येतो, कारण तालमीनं त्या आवाजात 3000 हर्ट्झच्या आसपास अशी धार येते जिथं वाद्यांचा जोर कमी पडतो. 1972 मध्ये न्यूयॉर्कला एकाच गाण्यात पावरोत्तीनं 9 वेळा वरचा सी, म्हणजे पुरुषी गळ्याला फार अवघड असा उंच सूर, लावला आणि तिथून त्याचं नाव जगभर झालं. भाषा कळत नाही म्हणून सोडू नका, पण मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून मतही बनवू नका, तिथं तो आवाज निम्मा होतो. चांगले हेडफोन घ्या नाहीतर मोठा स्पीकर.

किशोरकुमारचं बरोब्बर उलटं. तो फोनवरही तेवढाच गोड लागतो, एसटीत कानात घालून बसलात तरी लागतो, कारण त्याचं गाणं माईकच्या अगदी जवळ घडलंय, श्वास, हसू, शब्द सोडायची ढब सगळं आपल्या शेजारी बसून चालल्यासारखं. रीतसर शास्त्रीय तालीम नाही, तरी सुराला पक्का. रफीसाहेब मात्र दोन्हीकडचे. 1952 च्या बैजू बावरा सिनेमात संगीतकार नौशादनी त्यांना कुठल्या कुठं वर नेलंय, आणि तोच माणूस दुसऱ्या गाण्यात कुजबुजल्यासारखा गातो. संगीतकार श्रीकांत ठाकरेंकडं गायलेली त्यांची मराठी गाणी ऐका, शोधिसी मानवा ऐका, मराठी मातृभाषा नसलेल्या माणसानं शब्द किती जपलेत ते कळेल. दोघांत निवडायचं तर रोजच्या सोबतीला किशोर, पण गळा म्हणून मी रफीलाच वर ठेवणार, यावर माझी कुणाशीही भांडायची तयारी आहे.

नुसरत फतेह अली खान ज्यांना जोर आवडतो त्यांनी घ्यावा. कव्वालीत सरगमच्या ताना अशा काही वेगानं सुटतात की राग कळो न कळो माणूस मांडी ठोकायला लागतो. फक्त वीस मिनिटं सलग द्या, रीलमधल्या तीस सेकंदांत नुसरत येत नाही. फ्रेडी मर्क्युरीचं शिक्षण आपल्या पाचगणीचं, रॉकमध्ये ताकद आणि नाजूकपणा एकाच गळ्यात बघायचा असला तर 1985 च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीतला त्याचा कार्यक्रम पुरेसा आहे.

आता खरी लढत, भीमसेन का मल्लिकार्जुन मन्सूर. भीमसेनअण्णा किराणा घराण्याचे, सवाई गंधर्वांचे शिष्य, आवाज भरदार, खर्जापासून तारसप्तकापर्यंत, म्हणजे अगदी खालच्या सुरांपासून वरच्यापर्यंत, कुठंही पातळ होत नाही. आधी एकेक सूर सावकाश उघडत नेतात आणि मग तान येते ती ढग गडगडल्यासारखी. आयुष्यात कधी ख्याल, म्हणजे रागातलं शास्त्रीय गाणं, न ऐकलेल्या माणसालाही पहिल्या पाच मिनिटांत समजतं की काहीतरी मोठं चाललंय. आधी अभंग, मग शुद्ध कल्याण किंवा मुलतानी, असं गेलात तर अवघड जाणार नाही.

मन्सूरांचा आवाज पहिल्यांदा ऐकून काहीजण बंद करतात. टोकदार, भारदस्त अजिबात नाही. पण त्यांची गायकी कुठून आली ते बघा. अल्लादियाखाँसाहेब, शाहू महाराजांच्या दरबारचे गवई, तरुणपणी अति गाण्यानं त्यांचा आवाज बसला तो पहिल्यासारखा परत आलाच नाही, आणि मग त्या बदललेल्या गळ्याला पेलेल अशी पेचदार, लयीला घट्ट धरून चालणारी गायकी त्यांनी उभी केली. तीच जयपूर घराण्याची गायकी, म्हणजे या घराण्याची वाट आवाजाच्या श्रीमंतीवर उभीच नाही. खाँसाहेबांचे मुलगे मंजीखाँ आणि नंतर भुर्जीखाँ यांच्याकडं मन्सूर शिकले, तेव्हा त्यांच्या गाण्यात जे ऐकू येतं त्यात आपल्या कोल्हापूरचं लई काही आहे. ते श्वासच घेत नाहीत की काय असं वाटतं, एक ओळ संपायच्या आत दुसरी तिच्यातनंच निघते, तुम्ही सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधत असता आणि ते पुढं निघून गेलेले असतात. शिवमत भैरव, बहादुरी तोडी, एक निषाद बिहागडा असले सहसा न गायले जाणारे राग ते रोजचे असल्यासारखे गायचे.

माझी निवड मन्सूर. पण फक्त सिनेमाची गाणी ऐकत आला असाल तर त्यांच्यापासून सुरू करू नका, उगीच हिरमोड होईल. रफी, मग भीमसेनांचे अभंग, मग त्यांचा ख्याल, आणि कान बसला की मन्सूर. मध्ये कधी कोल्हापूरच्या देवल क्लबात, म्हणजे आपल्या जुन्या संगीत संस्थेत, बैठक असली तर जाऊन पुढं बसा, तानपुऱ्याजवळ, समोरून येणारा गळा रेकॉर्डिंगमध्ये किती हरवतो ते तिथंच समजतं. आणि स्वतः गायला शिकण्यासाठी कुणाचा आवाज डोळ्यापुढं ठेवावा असं विचारत असाल तर भीमसेनांची नक्कल मुळीच नको, तो जोर काढायला जाऊन चांगल्या पोरांचे गळे बसतात. आधी गुरूंकडून आपली पट्टी, म्हणजे गळ्याला सोसेल तो मूळ सूर, ठरवून घ्या, मग त्या पट्टीत जो सुखानं गाता येईल तो गायक धरा.