पाव वॅट मेटल फिल्म रेझिस्टरचा संच: कामाचा, पण सगळीकडे नाही

व्हॅल्यू चोख आहेत. १ किलोओहमचे नग मीटरवर १% च्या आतच भरतात. वैताग आहे तो व्हॅल्यू सांगणाऱ्या रंगीत पट्ट्यांचा. निळ्या अंगावर तपकिरी, लाल, नारिंगी पट्टे जवळजवळ सारखेच दिसतात, त्यामुळे लावण्याआधी प्रत्येक नग मोजाच. जळालेल्या जुन्या नगावरचे पट्टेही काळवंडलेले असतात. पहिला पिवळा (म्हणजे ४) दिसतोय आणि दुसरा गेलाय, तर ५% टॉलरन्सच्या ठरावीक व्हॅल्यूंच्या मालिकेत पहिले दोन आकडे ४३ किंवा ४७ एवढेच पर्याय, बहुधा ४७. पाय बारीक, पण सोल्डर छान धरतात. मूळ नग १ वॅटचा असेल तिथे हे लावू नका. पॉवर सप्लायच्या इनपुटला असलेल्या फ्युजिबलच्या (जास्त करंट आला की फ्यूजसारखा उडणाऱ्या रेझिस्टरच्या) जागी तर मुळीच नाही. आणि पुढचा मॉसफेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट आहे का ते आधी तपासा, नाहीतर नवाही जळेल.