एअर बेड, आठ महिन्यांनंतर: गादी चांगली, नॉब वाईट

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दाबाने जखमा होऊ नयेत म्हणून ही पंपावरची हवेची गादी आणली; तिच्या रांगा आळीपाळीने फुगतात आणि बसतात. आठव्या महिन्यात पंपाने हवा भरणं सोडलं. वॉरंटी वर्षभराची. कंपनीचं उत्तर असं की पंप कुरिअरने पाठवा, तपासून दहा-बारा दिवसांत परत येईल. तोवर बदली पंप मिळणार नाही. हाडांपर्यंत कॅन्सर पसरलेला रुग्ण बारा दिवस सपाट गादीवर ठेवणं म्हणजे काय, हे फोनवर तीनदा सांगूनही काही हललं नाही. ही वस्तू ज्यांच्यासाठी बनते त्यांच्याकडे बारा दिवस असतीलच असं नाही, एवढं तरी विकणाऱ्याला कळायला हवं. म्हणून पहिला सल्ला: गादी घेतानाच दुसरा सुटा पंप घेऊन ठेवा. कंपनी वेगळी असली तरी नळीचं तोंड जुळलं की बहुधा चालतो.

बिघाड दोन प्रकारचे. पंपाची घरघर चालू पण सगळीच गादी मऊ, तर आधी खाटेखाली नळी मुडपलीय का ते बघा. मग फिल्टरचा स्पंज धूळ खाऊन बसलाय का ते. दोन्ही ठीक असेल तर बहुधा आतला डायफ्रॅम, म्हणजे हवा ढकलणारा रबरी पडदा, गेलेला असतो. दुसरा बिघाड लपून राहतो: एका आड एक रांगा टणक, मधल्या कायम चपट्या. हवेचा फेरा साधारण दहा-बारा मिनिटांचा असतो. वीस-पंचवीस मिनिटं मधून मधून हात लावला तरी दरवेळी त्याच रांगा टणक लागल्या, तर हवा आलटून-पालटून सोडणारी छोटी मोटर अडकलीय. पंप चालू दिसतो, दिवा लागतो, आणि दाब मात्र दिवसभर त्याच जागांवर राहतो.

आता नॉब, म्हणजे पंपावरचं हवा कमी-जास्त करायचं बटण. त्यावर किलोचे आकडे नाहीत, नुसती एक फुगत जाणारी रेघ, एका टोकाला मऊ, दुसऱ्या टोकाला कडक. पंप पायथ्याला लटकलेला, त्यामुळे चादर बदलताना, झाडू लागून, मावशींचा पदर अडकून तो फिरतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. गादी आणली तेव्हा बासष्ट किलोचा असलेला माणूस पाच-सहा महिन्यांत पंचेचाळीसवर येतो. नॉब मात्र बासष्ट किलोसाठी लावलेल्या जागीच. मग हवा जास्त होते, शरीर गादीत रुतत नाही, सगळं ओझं माकडहाडावर, खुब्यांवर आणि टाचांवर येतं. घरचे म्हणतात, एअर बेड असून पाठ लाल का होते? कारण गादी आता फळीसारखी कडक झालेली असते.

उपाय फुकटातला आहे. रुग्ण उताणा असताना कमरेखाली, गादीच्या खालून, तळहात वर करून हात सरकवा. हाड आणि हात यांच्यात इंचभर हवा जाणवायला हवी. हाड थेट हाताला लागलं तर हवा कमी. गादी जराही दबत नसेल तर जास्त. योग्य जागा सापडली की नॉबवर मार्करने रेघ मारा, शेजारी चिकटपट्टीवर तारीख लिहा. दर आठवड्याला पुन्हा हात घाला.

कोणती गादी घ्यावी असं तिसऱ्या महिन्यात विचारलं असतं तर छोट्या फुग्यांची बबलवाली पुरे, आडव्या नळकांड्यांची ट्यूब्युलर गादी म्हणजे पैसे वाया, असंच उत्तर दिलं असतं. ते मत बदललं. माणूस सपाट झोपू शकतो तोवर बबल पुरते. धाप लागू लागली, डोकं वर करून ठेवावं लागलं, की धडाचं वजन कमरेखाली गोळा होतं आणि बबल तिथे तळाला टेकतात. डोक्याकडची बाजू तीस अंशांपेक्षा वर नेऊ नका, नेलीच तर गुडघ्यांखाली उशी द्या, नाहीतर माणूस खाली घसरतो आणि कातडी आतून ताणून फाटते. पूर्ण वेळ बसतंच ठेवावं लागत असेल तर ट्यूब्युलर घ्या, काटकसर इथे नको. रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात अनामत ठेवून मिळते का ते आधी विचारा.

विजेची चिंता नको. पंप जेमतेम दहा वॅटचा, चोवीस तास चालूनही महिन्याला सात युनिटच्या आसपास. वीज गेली तर मात्र बबल बसायला लागतात. इन्व्हर्टर नसेल तर दोन्ही नळ्या पंपापासून काढा, दुमडून रबरबँडने घट्ट बांधा. पंक्चर साबणाच्या पाण्याने शोधा आणि सोबत आलेलं ठिगळ लावा. सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन या प्लास्टिकवर टिकत नाही.

गादीवर एकच पातळ सुती चादर. मेणकापड, घडी केलेली गोधडी, दोन-दोन डायपर, यातलं काहीही घातलं की हवेचा उपयोग संपला. चादर कडांना घट्ट खोचू नका. आणि गादी आहे म्हणून कूस बदलणं थांबवू नका: दर दोन तासांनी, पूर्ण कुशीवर नाही तर पाठीमागे उशी देऊन तीस अंश कलवून. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. लाल जागा बोटाने दाबल्यावर पांढरी पडत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे. तिथे चोळू नका, पावडर नको, मध्ये भोक असलेली रिंगची उशी तर मुळीच नको.

हलवताना माणूस कण्हत असेल तर तेवढ्यासाठी मॉर्फिनचा जादा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि कूस बदलण्याआधी अर्धा तास द्या. कॅन्सरच्या रुग्णासाठी वेदनाशामक सेवा देणाऱ्या, पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र किंवा मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन अशा ठिकाणी आधीच विचारून ठेवा, वेळ आल्यावर धावाधाव होते.

अगदी शेवटच्या दिवसांत दोन तासांचा नियम सोडायला हरकत नाही. ज्या कुशीवर चेहरा शांत दिसतो ती ठेवा. त्या काळात कितीही काळजी घेतली तरी कातडी फाटू शकते, रक्तपुरवठाच कमी झालेला असतो. तो दोष सेवा करणाऱ्याचा नाही, गादीचाही नाही.

काम संपल्यावर गादी साबणाच्या पाण्याने, मग जंतुनाशकाने पुसा, सावलीत वाळवा, हवा काढून सैल गुंडाळा. घट्ट घडीत शिवण तडकते. साहित्य केंद्राला किंवा कुणाच्या घरी देताना नॉबवरची रेघ पुसा आणि तारखेची पट्टी काढून टाका. पुढच्या माणसाचं वजन वेगळं असेल.