अर्ज भाच्याचा, पासवर्ड एजंटकडे : जर्मनीच्या प्रवेशात झालेली फसवणूक

बडोद्यात मुलांना परदेशी पाठवून देणाऱ्या ऑफिसांना तोटा नाही. अलकापुरीपासून फतेहगंजपर्यंत दर थोड्या अंतरावर एक पाटी दिसते. त्यातल्याच एकाने माझ्या भाच्याचं एक वर्ष आणि भावाचे जवळजवळ चार लाख रुपये घालवले. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पद्धत मात्र सगळी लिहिते. मी बँकेत शैक्षणिक कर्जाचं काम बघते आणि आता हीच पद्धत मला दुसऱ्यांच्या फायलींमध्येही दिसायला लागली आहे.

भाचा एम. एस. युनिव्हर्सिटीतून मेकॅनिकल इंजिनिअर झाला, दहापैकी ८.२ सीजीपीए. पुढे मास्टर्स करायचं ते जर्मनीतच, हे त्याने तिसऱ्या वर्षापासून धरलं होतं. त्याला कारणही तसंच होतं. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नसते, सत्रागणिक काहीशे युरोंची एक वर्गणी भरावी लागते. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्रामागे ४,००० ते ६,००० युरो लावले. हे सोडलं तरी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीत, नोकरी करणाऱ्या माणसाला झेपतील असे इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रम तिथे भरपूर आहेत. डाडच्या, म्हणजे जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेच्या संकेतस्थळावर ते विषय, भाषा, फी आणि मुदतीसकट फुकट बघता येतात.

भाऊ-वहिनी मुलाला घेऊन त्या सल्लागाराकडे गेले ते नोव्हेंबर २०२३मध्ये, दांडिया बाजारातल्याच कुणीतरी सांगितलं म्हणून. ऑफिसात शिरताच समोर सयाजीराव महाराजांची मोठी तसबीर. बोलणं अर्धं मराठीत, अर्धं गुजरातीत. महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली, ती गोष्टही त्याने भावाला ऐकवली आणि म्हणाला, "आपलं बडोदं पहिल्यापासून मुलांना बाहेर पाठवत आलंय, साहेब." महाराजांनी पदरचे पैसे देऊन मुलं शिकायला पाठवली. त्यांच्या तसबिरीखाली बसून मराठी घरांचा विश्वास कमवायचा आणि त्यांच्याच पोरांना लुबाडायचं, याचा मला आजही सगळ्यात जास्त संताप येतो.

पॅकेज ठरलं ८५,००० रुपयांचं. शिवाय सहा सरकारी विद्यापीठांची अर्ज फी म्हणून प्रत्येकी ९,०००, म्हणजे आणखी ५४,०००. आता खरा हिशेब बघा. जर्मनीतली बरीच विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज युनि-असिस्ट या संस्थेमार्फत घेतात. एका सत्रासाठी पहिल्या अर्जाचे ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाचे ३० युरो, असा त्यांचा दर आहे. सहा अर्ज म्हणजे २२५ युरो, तेव्हाच्या भावाने वीस हजारांच्या आसपास. काही विद्यापीठं तर स्वतःच्या पोर्टलवर थेट अर्ज घेतात. पण पैशापेक्षा घातक गोष्ट त्याच दिवशी झाली आणि ती कोणाच्या डोळ्यांवरही आली नाही. रिसेप्शनवरच्या मुलीने भाच्याच्या नावाने नवा ईमेल उघडला. फोन नंबर ऑफिसचा, पासवर्ड ऑफिसकडे. "सगळ्या स्टुडंट्सचं आम्हीच सांभाळतो, नाहीतर मेल मिस होतात," असं सांगितलं. म्हणजे अर्ज त्याच्या नावाने जाणार, पण गेला की नाही आणि उत्तर काय आलं, हे त्याला कधीच दिसणार नाही.

पुढचे महिने व्हॉट्सअ‍ॅपवर गेले. "सबमिटेड", "अंडर रिव्ह्यू", मध्येच एखादा अंगठा. भाचा एपीएस प्रमाणपत्राचं विचारायचा, तर "ते व्हिसाच्या वेळी करू" हे उत्तर ठरलेलं. हे प्रमाणपत्र म्हणजे आपल्या मार्कशीट आणि पदवीची जर्मन दूतावासाच्या यंत्रणेने केलेली तपासणी. १ नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ते बंधनकारक आहे आणि बरीच विद्यापीठं ते अर्जासोबतच मागतात. ते काढायला वेळ लागतो. जो माणूस खरोखर अर्ज करणार आहे, तो सगळ्यात आधी एपीएसच्या मागे लागतो.

जून-जुलैत नकारपत्रं यायला लागली, तीही पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवरच. सल्लागाराने समजावलं की भाच्याची जर्मन ग्रेड २.८ येते (तिथे आकडा जितका कमी तितकी ग्रेड चांगली), सरकारीवाले २.५च्या पुढे बघत नाहीत. आणि लगेच बर्लिनमधल्या एका खासगी संस्थेचं ऑफर लेटर पुढे केलं. कोर्स इंजिनिअरिंग मॅनेजमेंटचा. भाच्याला हवं होतं मशीन डिझाइन. पहिल्या वर्षाची फी अकरा लाख रुपये. "सीट लॉक करायला अडीच लाख आजच टाका, उद्या ती सीट सुरतच्या मुलाला जाईल." भावाने टाकले. एजंटच्या फर्मच्या चालू खात्यात.

उरलेल्या रकमेच्या कर्जासाठी भाऊ माझ्याकडे आला, तेव्हा मी सगळे कागद मागितले. बाहेरच्या देशातल्या शिक्षणाची फी बँक कर्जातून थेट संस्थेच्या खात्यावर परकीय चलनात पाठवते, त्यासाठी संस्थेच्या खात्याचा तपशील आणि बँकेचा स्विफ्ट कोड लागतो. एजंटने दिलेल्या कागदावर खातं होतं बडोद्यातलं, त्याच्याच फर्मचं. "आम्ही त्यांचे ऑथराइज्ड पार्टनर आहोत, आमच्याकडून पुढे जातं," असं तो फोनवर म्हणाला. असलाच तर असेल, पण विद्यार्थ्याची फी त्याच्या खात्यातून जाण्याचं कारण नाही.

मग मी नकारपत्रं मागवली. भावाच्या घरी जेवणाच्या टेबलावर दोन प्रिंट शेजारी शेजारी ठेवल्या. दोन वेगवेगळ्या शहरांतली, वेगवेगळी विद्यापीठं. भाचा वाकून बघत होता, एकदम म्हणाला, "आत्या, अगं माझं आडनाव चुकलंय." पासपोर्टवरच्या स्पेलिंगपेक्षा एक ए जास्त होता. दुसऱ्या पत्रातही तोच ए, त्याच जागी. वहिनीने पाकिटातून एजंटच्या ऑफिसातल्या चौकशी फॉर्मची झेरॉक्स काढली. रिसेप्शनवरच्या मुलीने पहिल्या दिवशी हाताने भरलेला फॉर्म, आणि त्यातही तो जादा ए होता. अर्ज पासपोर्टवरून भरतात. जर्मनीतल्या दोन विद्यापीठांनी बडोद्यातल्या एका मुलीची चूक आपापल्या लेटरहेडवर उतरवायची, हे होणं शक्यच नव्हतं. तारखाही आपल्याकडच्यासारख्या तिरप्या रेघा देऊन घातलेल्या. जर्मनीत टिंबं देतात.

त्या रात्री ग्रेडचा हिशेबही आम्ही स्वतः केला. सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणून एक सोपं सूत्र तिथे सर्रास वापरतात. सर्वोच्च गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला सर्वोच्च आणि उत्तीर्ण यांच्यातल्या फरकाने भागायचं, आलेल्या आकड्याला तीनने गुणून एक मिळवायचा. १०मधून ८.२ गेले, राहिले १.८. उत्तीर्ण व्हायला ४ धरले तर फरक ६. भागाकार ०.३, गुणिले तीन ०.९, अधिक एक, म्हणजे १.९. जर्मनीत १ सगळ्यात चांगली आणि ४ काठावरची. आमच्या पोराची ग्रेड १.९ होती आणि त्याला वर्षभर सांगितलं गेलं की तू कमी पडतोस. त्याने स्वतःलाही तसंच समजायला सुरुवात केली होती. पैशांचं दुःख आहेच, पण हे मी त्या माणसाला कधी माफ करणार नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याने स्वतःच्या ईमेलवरून, पासपोर्टची प्रत जोडून, सहाही विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयांना आणि युनि-असिस्टला लिहिलं. मजकूर एवढाच की या नावाने आणि जन्मतारखेने माझा अर्ज आपल्याकडे आला आहे का. उत्तरं साध्या इंग्रजीत आली. कुठेही अर्ज नव्हता. युनि-असिस्टवर खातंसुद्धा नव्हतं. बर्लिनच्या संस्थेने कळवलं की अर्ज आहे, ऑफर दिली आहे, पण पैसे काही जमा झालेले नाहीत.

यामागचा व्यवहार समजून घ्यायला हवा. परदेशातल्या बऱ्याच खासगी संस्था विद्यार्थी आणून देणाऱ्या एजंटला पहिल्या वर्षाच्या फीतून कमिशन देतात. जर्मनीची बहुतेक सरकारी विद्यापीठं फीच घेत नाहीत तर कमिशन कुठून देणार? म्हणून एजंटच्या यादीत सगळे अभ्यासक्रम नसतात, कमिशनवाले असतात. कमिशन घेणं गुन्हा नाही, आणि ते घेऊनही सरळ काम करणारे सल्लागार बडोद्यात आहेत. मी अशांच्या फायली पास केल्या आहेत. ते मुलाला त्याच्याच ईमेलवरून अर्ज करायला लावतात, फी त्याच्याच कार्डावरून भरवतात, आणि कोणत्या संस्थेकडून आपल्याला काय मिळतं हे विचारलं तर सांगतात. आमच्या माणसाने सरकारी अर्जांचे पैसे घेतले, अर्ज केले नाहीत, खोटे नकार छापले आणि हरलेल्या मुलाला कमिशनच्या दारात नेऊन उभं केलं.

आम्ही ऑफिसात गेलो तेव्हा तो आधी हसला. "बेन, टेन्शन नहीं लेवानुं," म्हणाला. मग अर्ज दिल्लीच्या पार्टनरकडून गेले होते म्हणाला. स्पेलिंग दाखवल्यावर त्याने दार लावून घेतलं आणि एक लाख परत देतो म्हणाला, पण आधी एका कागदावर सही करा. कागदावर लिहिलं होतं की आमची काही तक्रार नाही आणि पुढेही करणार नाही. भावाने सही केली नाही. असा कागद तुमच्यापुढे आला तर वकिलाला दाखवल्याशिवाय हात लावू नका.

वकिलामार्फत नोटीस दिली, पोलिसांत अर्ज दिला आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९खाली जिल्हा आयोगात तक्रार केली. घटनेपासून दोन वर्षांच्या आत ही तक्रार करावी लागते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही, आणि ऑनलाइनही दाखल करता येते. ऑनलाइन पैसे गेले असतील आणि प्रकार ताजा असेल तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०वर, लगेच फोन करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आमच्या कामी आलं ते हे : चौकशी फॉर्मची झेरॉक्स, बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण आणि विद्यापीठांची उत्तरं. ८५,००० त्याने पावतीशिवाय रोख घेतले होते, ते सिद्ध करणं जड जातं आहे.

भाच्याने पुढच्या हिवाळी सत्रासाठी सगळं स्वतः केलं. आधी एपीएस काढलं, मग अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतले विषय आणि क्रेडिट आपल्या मार्कशीटशी एकेक करून जुळवले, कारण सरकारी विद्यापीठं नुसती ग्रेड पाहत नाहीत, गणित-यांत्रिकीचे किती क्रेडिट झाले तेही पाहतात. दोन नकार आले, खरे, कारणासकट, त्याच्या स्वतःच्या ईमेलवर. एक प्रवेश मिळाला. व्हिसासाठीच्या ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे तिथल्या राहण्या-खाण्याचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्याची, रक्कमही मधल्या काळात ११,२०८ युरोवरून ११,९०४ झाली होती. तेवढे पैसे भावाने कर्जातून उभे केले. ते खातं विद्यार्थ्याच्या नावाचं असतं आणि तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो त्यालाच मिळतात. आमचा सल्लागार तेही आपल्यामार्फत भरायला सांगत होता.

ज्यांच्या मुलांची फाइल आत्ता अशा एखाद्या ऑफिसात आहे, त्यांनी आजच ईमेलचा आणि पोर्टलचा पासवर्ड मागावा, रिकव्हरीचा फोन नंबर बदलून स्वतःचा टाकावा आणि अर्ज पोचला का हे विद्यापीठाला मुलाच्या ईमेलवरून विचारावं. हिवाळी सत्राची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलैला संपते, काही ठिकाणी त्याच्या कितीतरी आधी. पासवर्ड द्यायला कोणी दोन दिवस टाळाटाळ केली, तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता मुलाच्या नावाने नवा अर्ज स्वतः भरा. मुदत शिल्लक असेल तर वर्ष वाचेल.