काळ्या जमिनीतला शोषचर: सहा महिन्यांच्या वापरानंतर

वैशाखात शोषचराचं, म्हणजे सेप्टिक टाकीचं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या लांब चराचं, काम केलं, आता दिवाळी होऊन गेली. मध्ये अख्खा पावसाळा पार पडलाय, म्हणून आता लिहिते.

घर धुळे तालुक्यात, जमीन काळी. सेप्टिक टाकी बारा वर्षांपूर्वीची, दोन कप्प्यांची, पुढे विटांचा शोषखड्डा. तीन वर्षं एकच त्रास: श्रावण लागला की संडासात पाणी वर यायचं, उन्हाळ्यात आपोआप उतरायचं. काळी माती पावसात फुगते, भेगा मिटतात, पाणी मुरत नाही. चैत्रात भेगा पडल्या की त्याला पुन्हा वाट मिळते. हे तेव्हा कळलं नाही. वर्षात तीनदा मैला उपसणारी गाडी बोलावली, खेपेला अडीच हजार. आठ दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच. जिवाणूंची पावडरही चार महिने ओतली. ते पैसे पाण्यात गेले. मैल्यात जिवाणू मुळातच असतात, आणि बुजलेली माती पावडरीने मोकळी होत नाही.

मग आखाजीला (अक्षय तृतीयेला) दोन्ही नणंदा मुलाबाळांसह आल्या आणि भर उन्हाळ्यातही दुसऱ्याच दिवशी तुंबलं. लेकी वर्षातून एकदा माहेरी येतात आणि त्यांना शेजारच्या घरी पाठवावं लागलं. सासूबाई त्या दिवशी धड जेवल्या नाहीत.

त्याच आठवड्यात गावातल्या जुन्या गवंडीबाबांना बोलावलं. टाकीचं झाकण काढून दुपारभर उघडं ठेवलं, मुलांना लांब ठेवलं. आतला वायू जीव घेतो, त्यामुळे वाकूनसुद्धा बघायचं नाही. संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवणं तर हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. बाबांनी लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून ती तळापर्यंत घातली. वर काढली तेव्हा खालचं वीतभरच फडकं काळं झालेलं. म्हणाले, "ताई, टाकी चांगली शे. पानीले जावाले जागा नही शे."

टाकीच्या बाहेरच्या तोंडाचा टी (इंग्रजी T च्या आकाराचा पाइपाचा जोड) तुटून पडला होता. टी असला की वर तरंगणारी साय आत अडते आणि मधलं निवळ पाणीच पुढे जातं. तो नसल्याने सगळा चिकटा शोषखड्ड्यात जात राहिला. विटांवर बोटभर काळा, बुळबुळीत थर चढलेला, तिथून थेंब झिरपायला वाव नव्हता.

नवा खड्डा खोदण्याआधी बाबांनी जमीन तपासायला लावली. काळ्या मातीत फूटभर खड्डा करून पाणी भरलं, रात्रभरात जेमतेम दोन बोटं उतरलं. चार फुटांवर मुरूम लागला, तिथलं पाणी दुपारपर्यंत गायब. म्हणून खोल खड्ड्याऐवजी वीस फूट लांब, दोन फूट रुंद, साडेचार फूट खोल चर घेतला. तळाला खडी, त्यात भोकं पाडलेला चार इंची पाइप, वर पुन्हा खडी, जुनी गोणपाटं आणि माती. बोअर आणि घराचा पाया, दोन्हींपासून लांब. टाकीला नवा टी बसवला, चराच्या तोंडाशी छोटा चेंबर बांधला.

मोरीचं आणि कपड्यांचं पाणी टाकीतून काढून मागच्या केळी-कर्दळीकडे वळवलं. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक याच कामाने पडला, आणि खर्च दोन हजारांच्या आत. खडी, पाइप, मजुरी, गवंडी धरून एकूण साडेतेरा हजार.

पावसाळ्यात एकदाच घाबरले. पोळ्याच्या आधी तीन दिवस झड लागली आणि चेंबरमधलं पाणी पाइपाच्या वर आलं. बघते तर पत्र्यावरून पडणारं पाणी थेट चरावर जात होतं. मातीचा बांध घालून ते बाजूला काढलं, दोन दिवसांत पातळी उतरली. संडासात मात्र एकदाही वर आलं नाही. गणपतीत घरी बारा माणसं होती, तेव्हाही नाही.

उणीव एकच, केळीच्या वाफ्यात साबणाचा वास येतो. तिथे पाणी साचू नये म्हणून पंधरा दिवसांनी कुदळ फिरवावी लागते, ते काम मीच करते. संडासात फिनेल आणि ॲसिड ओतणं बंद केलंय, त्याने टाकीतले जिवाणू मरतात.

काल पुन्हा काठी घातली. गाळ चार बोटंच वाढलाय. नणंदांना फोन करून सांगितलं, पुढच्या आखाजीला आठ दिवस राहायचं ठरवूनच या.